करंजी मोजणीत धरत नाहीत

८ सप्टेंबर १९५६, शनिवार. गणेश चतुर्थी.

गणपती बसले. दीड दिवसाचे. भटजींची वाट न पाहता पूजा मीच सांगितली. दोनचार मंत्र मागेपुढे झाले असतील. भाव महत्त्वाचा.

मोदक उत्कृष्ट. पहिला घाणा उतरला तेव्हा ही नुसती बघत उभी राहिली आणि मग डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, आईसारखे झाले. सासूबाई फाल्गुनात गेल्या. त्यामुळे आप्पाकडे (हिचा धाकटा भाऊ, मुंबईत छापखान्यात असतो) वर्षभर सण नाही. तो मोदक खायला इकडेच येणार आहे, उद्या. त्याच्यासाठी अकरा मोदक आणि एक करंजी टोपलीत हळदीच्या पानांत झाकून ठेवली आहे. करंजीचं असं आहे की मोदकांबरोबर एक तरी करंजी करतातच, आणि सासूबाईंच्या घरी ती कायम आप्पाच्या ताटात जायची. तो लहानपणी त्यासाठी रुसून बसायचा म्हणे. छापखान्यात नोकरी करणारा माणूस करंजीसाठी रुसतो! 

माझे मोदक एकवीस झाले. उद्यापासून मिताहार.

९ सप्टेंबर, रविवार. दुपार.

आप्पा अजून आलेला नाही.

ही प्रसाद द्यायला शेजारी हौसाकाकूंकडे गेली होती. तेवढ्यात टोपलीची तपासणी केली. हवा दमट आहे, नारळाचा भरवसा नाही. वास ठीक वाटला. पण नुसत्या वासावर जबाबदार माणसाने किती अवलंबून राहायचं? सँपल घेणं भाग होतं. मोदक अकरा मोजून ठेवलेले, त्यांतला घेतला तर हिशेब चुकतो. करंजी मोजणीत धरत नाहीत. शिवाय अकरा मोदकांत ती एकटी विचित्रच दिसत होती.

उभ्याउभ्याच टेस्ट केली. मागच्या दारी हिची चाहूल लागली म्हणून जरा घाई झाली. माल ठीक आहे.

संध्याकाळ.

मांडवीच्या किनाऱ्यावर विसर्जन करून आलो. घरी येतो तो ही बाहेर बसलेली. कावळा शिवला. आता बुधवारी न्हाईपर्यंत पडवीच्या कोपऱ्यात. म्हणजे स्वयंपाकघर माझ्या ताब्यात! लग्नाला नऊ वर्षं झाली, मी पहिल्यापासून सांगत आलो आहे की स्वयंपाक म्हणजे निव्वळ मेथड. आता सिद्ध करण्याची संधी आली.

पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसता काड्यामातीचा कूड आहे, त्यामुळे हिच्या सूचना अखंड चालू. मोदक रोज गरम केले नाहीत तर उतरतील. पाण्याचा हात लावा. खाली हळदीचं पान घाला. पाणी उकळलं की मगच ठेवा, नि पाच मिनिटांत काढा. मी म्हणालो, बरं. मनात म्हणालो, जी वस्तू दमटपणाने बिघडते तिला पुन्हा वाफ देणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. मोदक कोरडेच वैलावर मांडले, चुलीच्या बाजूच्या धगीवर. मंद आणि एकसारखी उष्णता.

रिझल्ट: पारी घट्ट झाली. काहींना भेगा गेल्या. हात लावून पाहिलं तर टणटणीत. प्रवासाला न्यायला फार चांगले.

हिने विचारलं, झाले का मऊ? म्हणालो, मजबूत झाले.

१० सप्टेंबर, सोमवार.

कचेरीत रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं. घरगुती, पण टेक्निकल, असं सांगितलं.

शेजारचा मुसा एस. टी. स्टँडवरून निरोप घेऊन आला. घाटात दरड आली, मुंबईच्या गाड्या अडकल्या आहेत. उद्यापर्यंत काही खरं नाही. हिचा चेहरा उतरला. बिचाऱ्याची चार दिवसांची रजा रस्त्यातच जाणार, म्हणाली. मग लगेच, मोदक बघा हो.

हौसाकाकू गडग्याशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मेल्या त्या टोपलीला किती दिवस असं कुरवाळत बसणार? द्या हिकडं, एक वाफ देते नि पाठवते. मी नम्रपणे नकार दिला. काकू मनाच्या चांगल्या आहेत, पण गावभर सांगत सुटतात.

कालच्या मेथडमध्ये ओलावा कमी पडला हे मान्य. आज भरपूर दिला. मोदकपात्रात पाणी थेट चाळणीच्या वर येईल इतकं घातलं आणि पेपर वाचायला बसलो. बातमी दशमान नाण्यांची होती, लांब होती. आत गेलो तेव्हा पाणी गुळाच्या रंगाचं झालं होतं. मोदक एकमेकांना धरून बसले होते. सोडवताना पाच फुटले. फुटलेला मोदक पाहुण्याला कसा वाढायचा? अपमान होतो. ते पाच मी संपवले.

ही पलीकडून म्हणाली, फडकं ओलं करून झाका हं. मी म्हणालो, झाकलं. लगेच उठून झाकलं. उगीच खोटं बोलायची आपल्याला सवय नाही.

११ सप्टेंबर, मंगळवार. सकाळ.

उरलेल्या सहांना किंचित आंबूस वास. किंचितच. निश्चय: आज मन लावून करायचं. तुपात तळलं की सगळं झाकलं जातं.

अकरा वाजता.

पहिला मोदक तुपात सोडला आणि तो उडाला. फटाका उडावा तसा. दुसराही, तिसराही. चूल विझली, माझ्या मनगटाला फोड आला. तूप काळं झालं. कढई परड्यात केळीमागे लपवली आहे. ही विचारत होती, कसला आवाज झाला? म्हणालो, मांजर.

शिल्लक तीन. एक करपलेला, एक उघडा, एक बरा. वर साखर भुरभुरली की दिसायला चांगले होतील.

संध्याकाळ.

आप्पा आला. गुडघ्यापर्यंत चिखल. दरडीपाशी उतरून कोसभर चालला, मग ट्रकने. उद्या पहाटेच्याच गाडीने परत, रजा संपली. तो ओटीवर, ही पडवीच्या कोपऱ्यात, मध्ये मी. ताई बरी आहेस ना, असं त्याने लांबूनच विचारलं. तिने डोकं हलवलं. दोघं आईबद्दल काही बोलली नाहीत.

पान वाढलं. भात मी केला होता, चांगला झाला होता. थोडा लागला होता. मग तीन मोदक.

आप्पाने पहिला मोडला. सारण काळं. त्याने माझ्याकडे बघितलं. आता काहीतरी बोलणं भाग होतं. म्हणालो, तांदूळ यंदा जुना मिळाला नाही, आणि तुझ्या ताईचाही हात पूर्वीसारखा राहिलेला नाही.

वाक्य तोंडातून गेल्यावर कूड आठवला.



आप्पाने तीनही खाल्ले. साखर भुरभुरलेला, करपलेला, सगळे. खाताना एकदाही थांबला नाही. मग पानात इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, भावोजी, करंजी?

मी म्हणालो, यंदा केलीच नाही वाटतं.

कुडापलीकडून हिचा आवाज आला. अगदी नेहमीसारखा. म्हणाली, राहिली रे आप्पा. यंदा मी विसरले.

आप्पा म्हणाला, असू दे ताई. मोदक छान झालेत. आईच्या हातचे वाटले.

हे वाक्य मी अर्धा मिनिट स्वतःकडे घेतलं होतं. माझी मेथड अगदीच वाया गेली नाही असं वाटलं. मग तो हात धुवायला परड्यात गेला तो बराच वेळ आला नाही. केळीमागून ओकल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा डोळे पुसत होता. धूर फार आहे, म्हणाला. चूल दुपारपासून विझलेली होती.

मी मान खाली घालून पान उचललं.

१२ सप्टेंबर, बुधवार.

आप्पा पहाटे गेला. ही लांबूनच दारापर्यंत आली. तो म्हणाला, पुढच्या वर्षी करंजी नक्की कर हं. ती म्हणाली, करीन.

मग ही न्हायली आणि स्वयंपाकघरात आली. मी कालपासून भाषणं तयार केली होती. एक रागावली तर, एक रडली तर. दोन्ही वाया. मोदकपात्र घासलं. केळीमागून कढई आणली, ती घासली. टोपलीतली हळदीची पानं उचलून बघितली, त्यांच्याखाली करंजीचा चंद्रकोरीसारखा डाग होता. पानं बाहेर टाकली. माझ्या मनगटाच्या फोडाला तूप लावलं. 

मी म्हणालो, आप्पाला पत्र लिहून सगळं खरं कळवतो. म्हणाली, नको. तो म्हणेल, ताईला कसल्या माणसाशी...  मग म्हणाली, त्यापेक्षा मी आईचं विसरले असंच वाटू दे त्याला.

निश्चय: काहीच नाही. आज निश्चय करायची हिंमत होत नाही.

जेवताना ही सहज सांगावं तसं सांगू लागली. शनिवारी मोदक झाल्यावर उरलेल्या सारणात तिने आईसारखी खसखस भाजून घातली होती, जायफळही, ते फक्त करंजीत होतं. तिने स्वतः चाखलं नव्हतं. आप्पाला विचारायचं होतं. म्हणाली, आता तुम्हालाच विचारायचं. निदान चांगली झाली होती का हो?

म्हणालो, फार चांगली.

उभ्याउभ्या खाल्ली होती, घाईत. खसखस होती का, जायफळ होतं का, काही आठवत नाही.

ती म्हणाली, बरं झालं, आणि मला भात वाढला.