गुलाबाच्या पाठीवरचा अंगठा

मी, खाली सही करणारी बाई, वय एकाहत्तर, धंदा घरच्या घरी साबणाचे शोभेचे गुलाब करणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कुणाच्या दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल शंका असेल त्याने पुढच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या शिंपीणबाईला विचारावे. काल तिने उलटी जोडलेली बाही मीच दाखवली.

१. राहते घर वडिलांचे. त्यातला अर्धा भाग माझ्या धाकट्या बहिणीचा. तो कायद्याने तिचाच आहे, त्यात माझे उपकार नाहीत. माझा अर्धा भाग शिंपीणबाईला द्यावा. मी तापाने फणफणले होते तेव्हा अकरा दिवस तिने मला हाताने भरवले. धाकटी दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिचा निरोप आला, "ताईला म्हणावं, काळजी घे." घेतली!

२. बँकेतल्या शिल्लकीतून माझा अंत्यविधी करावा. उरेल त्यातून शिंपीणबाईने नवी मशीन घ्यावी. जुनीच्या खडखडाटाने मी बहिरी व्हायची बाकी आहे.

३. पाकळ्या कोरायची बारीक हत्यारे दातांच्या डॉक्टरांना परत द्यावीत. त्यांनीच ती निकामी म्हणून मला दिली होती. स्टीलच्या मोठ्या पातेल्यात आयुष्यभर कॉस्टिक सोडा कालवला आहे. भेटायला येणाऱ्यांसाठी त्यात चहा टाकू नये, नाहीतर माझ्या मागोमाग आणखी चौघे येतील.

४. आता धाकटी. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती, मी एकोणीसची. तिच्या वेण्या मी घातल्या, पाढे मी घोकून घेतले. तिची पेन्सिल तासताना ब्लेड डाव्या अंगठ्यात घुसले, त्याचा आडवा वण राहिला.

साबण ओतल्यावर दोन दिवसांनी मेणासारखा कापता येतो. वडी डाव्या अंगठ्यावर पेलायची आणि एकेक पाकळी काढायची. त्यामुळे माझ्या प्रत्येक गुलाबाच्या पाठीवर माझा अंगठा उठतो, वणासकट. मी तो कधी पुसला नाही. गिऱ्हाइके गुलाब आधी उलटा करून बघत आणि मगच घेत.

बारा वर्षांपूर्वी धाकटी म्हणाली, "ताई, एक गुलाब दे ना. कपाटात ठेवीन, तुझी आठवण." मी सगळ्यांत चांगला निवडून दिला.

गेल्या वर्षी दाढ दुखली म्हणून डॉक्टरांकडे गेले. बेसिनवर गुलाब. म्हटले, हा मी कधी दिला? पाकळ्या बोथट, वास भडक. उलटा केला तर पाठीवर माझा अंगठा! डॉक्टर म्हणाले, "तुमच्या बहिणीच्या दुकानातला आहे. डझनाने मिळतात." बाईसाहेबांनी आठवण म्हणून नेलेल्या गुलाबावरून रबराचा साचा काढला होता, आणि अंगठा पुसायचेसुद्धा भान राहिले नव्हते. चोरी करावी तीही धड नाही.

दाढ तशीच ठेवून तडक दुकानात गेले. धाकटी म्हणाली, "अगं, साबणच तर आहे! आणि अंगठा मुद्दाम ठेवलाय. लोकांना हाताने केल्यासारखा वाटतो." दाढेपेक्षा तो 'वाटतो' मला जास्त दुखला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी मीच वाढवली, दुसऱ्या कुणाला बोल लावू? तेव्हापासून आमचे बोलणे नाही.

सबब माझ्या मागे डॉक्टरांनी तो साचा तिच्याकडून घ्यावा आणि कात्रीने त्याचे तुकडे करावेत. साचा हाती आल्याशिवाय आईची सोन्याची साखळी तिला देऊ नये.

५. पुरवणी, आजच, सह्या होण्यापूर्वी. दोन्ही साक्षीदार जमल्यावर डॉक्टर म्हणाले, "सहीसोबत अंगठाही उठवा, पुढे कुणी सही खोटी म्हणायला नको." शाईचा पॅड त्यांनीच आणला. मी अंगठा टेकवला. कागदावर नुसता काळा, गुळगुळीत ठिपका. पुन्हा टेकवला, तेच. तिसऱ्यांदा शिंपीणबाईने मनगट धरून दाबला. एक रेघ उठली नाही, वणही नाही.

"अहो मावशी, अंगठा गेला कुठे तुमचा?" शिंपीणबाई म्हणाली.

डॉक्टरांनी भिंग लावून पाहिले. "ओला साबण अंगाला खातो. इतकी वर्षं हाताळलात, झिजला."

मी उठून कपाटातले माझे गुलाब काढले. सगळे अलीकडचे. सगळ्यांच्या पाठी कोऱ्या, आणि ते माझ्या लक्षातही आले नव्हते. जुने गुलाब लोकांनी हात धुऊन संपवले. मग पुरावा म्हणून डॉक्टरांकडून आणलेला तो चोरीचा गुलाब उलटा केला. त्यावर रेघ न् रेघ होती, मधोमध आडवा वण. मी रडले. हेही लिहून ठेवते, नाहीतर शिंपीणबाई गल्लीभर सांगेल.

सबब साच्याचे तुकडे करण्याचा कलम चारमधला मजकूर रद्द समजावा. धाकटीने साचा जपून ठेवावा, उन्हात ठेवू नये, रबर तडकते. त्यातून काढलेले गुलाब विकायचे तर विकावेत. साखळी मात्र तिला मिळणार नाही, ती शिंपीणबाईने ठेवावी. हे कलम धाकटीला वाचून दाखवावे. तिला मी माफ केलेले नाही.

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: १४, गुरुवार, दुपारी चार

साक्षीदार:
१. दातांचे डॉक्टर (सही)
२. शिंपीणबाई, कलम एक वाचल्यावर "मी साक्षीला नको" म्हणून उठली. तिच्या जागी कोपऱ्यावरचा कुलूपवाला (सही)

लिहून ठेवणार: (सही)
डाव्या हाताचा अंगठा: उठत नाही. नमुना बहिणीकडे आहे.