तुझी नक्कल करणारा माणूस

आई,

तुझी नक्कल करणारा माणूस गेल्या आठवड्यात माझ्या घरी मुक्कामाला होता. तू इथे आली असतीस तर जी खोली तुला दिली असती, त्याच खालच्या खोलीत तो झोपला, माझ्या हातचं पिठलं मिटक्या मारत खाल्लं आणि वर "ताई, मीठ अगदी बेतशीर" असंही म्हणाला. इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावात, मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला भारतातून कलाकार आले की त्यांना हॉटेलात नाही, कमिटीतल्या कुणाच्या तरी घरी ठेवतात. तुझ्या जावयाने उत्साहाने हात वर केला होता. पाहुण्यांचे गुडघे दुखतात आणि आपलं बाथरूम खाली आहे, एवढाच त्याने विचार केलेला. पाहुणा कोण हे कळल्यावर मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. "यार, मला काय माहीत," एवढंच तो म्हणत राहिला. त्याला खरंच माहीत नव्हतं. टीव्हीवरचा तो कार्यक्रम त्या दिवशी आपण दोघींनीच पाहिला होता.

मी सुट्टीवर पुण्याला आले होते आणि तुझी नात, तेव्हा तान्ही, तुझ्या मांडीवर झोपली होती. टीव्हीवर तो आला. तुझ्यासारखीच साडी, तुझ्यासारखाच एका बाजूला माळलेला गजरा. तुझ्या नाटकातला तो प्रवेश त्याने निवडला होता, दुसरा कुठला निवडणार म्हणा. नवरा कित्येक वर्षांनी परत येतो तो घटस्फोटाच्या कागदावर सही मागायला. तू पाठ फिरवून उभी. मग डाव्या खांद्यावरून मान वळवून त्याच्याकडे बघतेस आणि बोलत नाहीस. आता ही बाई त्याचं सगळं काढणार म्हणून थिएटर सरसावून बसतं आणि तू म्हणतेस, "चहा टाकते. पिऊन जा." टाळ्या थांबायच्या नाहीत, वन्स मोअर यायचा आणि तू तो क्वचितच घ्यायचीस. तर तो वळला, तसाच थांबला, थांबतच राहिला आणि मग विंगेकडे बघून तुझ्याच आवाजात कुजबुजला, "काय टाकते मी?" स्टुडिओतले लोक खुर्चीत मावेनात.

मी संतापले होते. चॅनलला फोन कर, वकिलाला विचार, हे अती होतंय, असं काय काय मी बोलत होते आणि तू टीव्हीकडेच बघत म्हणालीस, "मान चुकली त्याची. मी डावीकडून वळते, हा उजवीकडून वळला." मग माझ्याकडे बघून, "अगं, माझी नक्कल नाही करायची तर कुणाची, आपल्या वाण्याची?" बाळ माझ्याकडे देऊन तू स्वयंपाकघरात गेलीस. बऱ्याच वेळाने आत काहीच आवाज येईना म्हणून मी डोकावते, तर तू गॅससमोर पातेलं हातात धरून उभी आहेस. तू मान वळवतेस, डावीकडूनच, माझ्याकडे बघतेस आणि विचारतेस, "काय टाकत होते गं मी?"

मला वाटलं, तू त्याचीच नक्कल करते आहेस. आता जिरवली त्याची, असं वाटून मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. तू पण हसलीस, जराशी उशिराने.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तू नाटक थांबवलंस. गुडघ्यांचं कारण सांगितलंस. मी इकडे परत आले होते आणि मला खात्री होती की त्या एका माणसाने तुला स्टेजवरून उतरवलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितल्यावरही माझी खात्री हलली नाही, कारण आजारावर रागावता येत नाही आणि त्याच्यावर येत होतं. मग ते कॉम्प्युटरवरचे कॉल. बोलता बोलता तू थांबायचीस, स्क्रीनच्या बाहेर बाजूला बघायचीस आणि तिथे बसलेल्या मावशी, तुझ्या सोबतीला ठेवलेल्या, तुला शब्द द्यायच्या. एकदा तो शब्द माझं नाव होता. त्या वेळी मला मावशींचा फार हेवा वाटला.

पाहुणे जेवायला बसले तेव्हा मी ठरवलं होतं की बोलायचं नाही. पण जेवता जेवता तेच म्हणाले की उद्या आयोजकांनी तो बाईंचा आयटम आवर्जून मागितलाय. मी म्हटलं, "त्या बाई माझ्या आई." त्यांचा घास हातातच राहिला. तुझा जावई पाण्याचा जग उचलून उगाच भरायला गेला. माणूस आता थकलाय, आई, हात थरथरतात. म्हणाले, "ताई, खरं सांगू? बाई प्रयोगात वाक्यं विसरायला लागल्या, मला वाटलं माज आलाय. पाठांतर करत नाहीत, नावावर नाटक ओढतात. मोठ्या माणसाचा माज दिसला की आम्ही ठोकणार, आमचं कामच ते. आजार आहे हे त्या गेल्यावर पेपरात वाचलं."

"आणि वाचल्यावर थांबवलंत का?"

"नाही. हशा येत होता."

मला त्यांच्या या उत्तराचा अजून राग आहे आणि खोटं बोलले नाहीत म्हणून थोडा आदरही आहे. तुझा गजरा, तुझा तोरा, वन्स मोअरला तू द्यायचीस तो नकार, या सगळ्याची त्यांनी खुशाल टिंगल करावी. ते तू स्वतः घडवलं होतंस आणि लोकांसमोर मांडलं होतंस. पण जे तुझ्या हातात नव्हतं, जे तू आमच्यापासूनही लपवत होतीस, त्यावर हशा मिळवणं, आणि कळल्यावरही ते चालू ठेवणं, तिथे माझ्या मते त्यांची मर्यादा सुटली. मी हे त्यांना याच शब्दांत सांगितलं. "मग उद्या नाही करत," ते म्हणाले आणि मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

पण तुझी नात तिथेच बसली होती. "व्हाय नॉट?" म्हणाली. "ममा, इट्स सटायर. फेमस लोकांवर नाही करायचं तर कोणावर करायचं?" तुझं उत्तर तिच्या तोंडी कुठून आलं कोण जाणे, ती तर तेव्हा झोपेत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "अँड आय हॅव नेव्हर सीन हर. नॉट रिअली." तेही खरंच. कॅमेऱ्यासमोर नाटक शिळं होतं म्हणून तू कधी चित्रीकरण होऊ दिलं नाहीस. आमच्याकडे तुझे फोटो आहेत, एकही हलत नाही. हलणारी, बोलणारी तू या जगात एकाच माणसाच्या अंगात शिल्लक होतीस आणि तो माझ्या टेबलाशी हात वाळवत बसला होता. हे कळल्यावर मी म्हटलं, "करा. पण ते विसरणं काढून टाका. आणि मान डावीकडून वळवा, तुम्ही उजवीकडून वळवता. आईनेच सांगितलं होतं."

त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला.

कार्यक्रम हायस्कूलच्या हॉलमध्ये होता. मुलगी माझ्या शेजारी, नेहमी तिच्या हातात असतो तो फोन पर्समध्ये. ते आले, पाठ करून उभे राहिले, डाव्या खांद्यावरून वळले आणि आई, तू होतीस. हनुवटी आधी आणि नजर मागून, ते मी विसरले होते. मुलीने माझं मनगट घट्ट धरलं. ते थांबले, हॉल हसायच्या तयारीत, आणि त्यांनी स्वच्छ आवाजात म्हटलं, "चहा टाकते. पिऊन जा." थोड्या टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, विसरायचं राहिलं!" "वय झालं हो," म्हणून त्यांनी नमस्कार केला आणि पुढचा आयटम सुरू केला. घरी येताना मुलीने विचारलं, "आजी एवढी स्ट्रिक्ट दिसायची?" मी हो म्हटलं आणि तिला बरं वाटलं.

मला मात्र काहीतरी कमी पडल्यासारखं झालं होतं. मीच काढायला लावलं होतं आणि मलाच ते हवं होतं. स्टेजवर उभी राहिलेली बाई तुझ्या प्रेक्षकांची होती. शब्द हरवल्यावर बाजूला बघणारी बाई माझी होती आणि ती मला बघायला मिळाली नाही. इतक्या वर्षांनी, ज्या गोष्टीसाठी मी एका माणसाला शिव्या दिल्या, तीच मला पुन्हा बघावीशी वाटावी, याची मला लाज वाटते. हे लिहून कुठे पाठवणार, तुझा पत्ता नाही. मुलीलाही वाचू देणार नाही. पण एवढं तुला सांगायचं राहिलंय.

सकाळी त्यांना विमानतळावर सोडायला मीच गेले. वेळ होता म्हणून पार्किंगमध्ये गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि म्हटलं, "काका, ते विसरणं एकदा करून दाखवाल? फक्त मला." त्यांनी सीटबेल्ट काढला, खिडकीकडे तोंड फिरवलं आणि डाव्या खांद्यावरून वळून माझ्याकडे बघितलं. थांबले. त्या थरथरत्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर तुझी नजर आली, घाबरलेली, माझी वाट बघणारी. "काय टाकत होते गं मी?" असं त्यांनी विचारलं नाही, ते त्यांना माहीतच नाही. त्यांनी आपलं नेहमीचंच विचारलं, "काय टाकते मी?"

या वेळी मी हसले नाही, आई. मी म्हटलं, "चहा."