चौथ्या मजल्यावरून निसटलेला सत्ताविसावा भाग

बुचॉन, शनिवार सकाळ

तीर्थरूप थोरल्या मावशीस,

दासोमचा कमरेत वाकून नमस्कार. (खरोखर वाकले. उठताना पाठीत कळ आली, तेव्हा नमस्कार पोचला असं समजावं.) तुमचे गुडघे कसे आहेत? थोंगयंगच्या वाऱ्यात दुकानाचं दार सताड उघडं टाकून शिवत बसू नका. गिऱ्हाइकाला यायचं असेल तर ते दार ढकलून येईल. तुम्ही पाठवलेली खारवलेली कालवं पोचली. बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती, आता नुसती बरणी आहे.

मागे फोनवर तुम्ही विचारलंत, "दिवसभर घरीच असतेस, मग दमतेस कशानं?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आता सविस्तर सांगते. माझी चित्रकथा दर गुरुवारी लोकांच्या फोनवर येते, म्हणजे बुधवारी दुपारी बाराच्या आत ती पाठवावीच लागते. लिहिणारी मी, काढणारी मी, रंगवणारी मी, संवादांचे फुगे भरणारी मी, आणि उशीर झाला की रडणारीही मीच. या कारखान्यात दुसरं माणूस नाही. कथा बंदरावर शिवणकाम करणाऱ्या पिल्-न्यो नावाच्या बाईची आहे. एक खलाशी दोन तिकिटं घेऊन धक्क्यावर तिची वाट पाहतो आहे, आणि ती निघते की नाही, यावर सध्या लोकांचा जीव टांगलेला आहे. (माझा तर त्याहून.)

तर गेल्या महिन्यात मी लागोपाठ दोन बुधवार चुकवले. माझ्या संपादक प्योबाई ओरडत नाहीत, हेच तर भयंकर. त्या नुसतं "ठीक आहे" म्हणतात. पहिल्या वेळी म्हणाल्या, "ठीक आहे." दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "ठीक आहे, दासोम. तिसऱ्यांदा मात्र आपण कथा थांबवू." आवाज असा मऊ, की ही धमकी होती हे फोन ठेवल्यावर पाच मिनिटांनी कळलं.

मी त्याआधी शिस्त शोधली नव्हती असं नाही. एका मोठ्या चित्रकाराचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं: सोमवारी लेखन, मंगळवारी कच्ची चित्रं, असं. नंतर कळलं, त्यांच्या हाताखाली चार माणसं आहेत. माझा सोमवार शुक्रवारपर्यंत लांबायचा. मग कॉलेजातली एक थोरली मैत्रीण म्हणाली, "वेडे, आधी दहा भागांच्या नुसत्या रेषा काढून ठेव, रंग मागाहून भर." तेही केलं. पण दहाव्या भागापर्यंत पिल्-न्योचं नाक इतकं बदललं, की ती स्वतःचीच नणंद दिसायला लागली. वेळ वाचावा म्हणून बंदराचं तयार चित्र आणून मागे लावलं, तर त्यात माडाची झाडं निघाली. वाचकांनी विचारलं, ही बाई सुटीवर गेलीय का? या सगळ्यात उजवं मनगट असं सुजलं, की चमचा डाव्या हातात आला.

तिसरा बुधवार उजाडला. सकाळचे आठ. मनगटामुळे नेहमीसारखं संगणकाच्या पडद्यावर काढणं जमेना, म्हणून घरमालकीण माएंग आजींनी भिंतींना नवा कागद लावताना उरलेली गुंडाळी मागून आणली होती. अख्खा सत्ताविसावा भाग मी तिच्यावर पेन्सिलीनं, वरून खाली, सलग काढला होता. हवा यावी म्हणून दार उघडलं आणि कोपर लागलं. गुंडाळी टेबलावरून पडली, उंबरा ओलांडला आणि जिन्यावरून जी सुटली, ती थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत! मी मागे अनवाणी. माझे तीन दिवस पायऱ्यांवर पसरले होते, आणि जिना नुकताच धुतलेला.

तेवढ्यात गच्चीवरच्या रांजणांतून घमेलंभर मुळ्याची किमची काढून माएंग आजी खाली आल्या. (त्यांचा जिना, त्यांचा कागद, त्यामुळे मी काही बोलण्याच्या स्थितीत नव्हते.) "हा काय तमाशा?" म्हणत त्यांनी परकर सावरला आणि कडेकडेनं उतरू लागल्या. उतरता उतरता वाचू लागल्या. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर वरती ओरडून म्हणाल्या, "अगं, वीस पायऱ्या उतरले, ही बाई अजून चहाच पितेय! माझं मरण आधी येईल!" पुढे पिल्-न्यो सुईत दोरा ओवते, तीनदा चुकते, ते चित्र होतं. तिथं मात्र आजी हातातल्या घमेल्यासकट थांबल्या. बराच वेळ. मग हळूच म्हणाल्या, "हिचा हात थरथरतोय, होय गं?"

मावशी, तो हात मी थरथरता काढलाच नव्हता. थरथरत होतं माझं मनगट. पडद्यावर काढलं असतं तर यंत्रानं ती रेषा आपोआप गुळगुळीत केली असती.

त्यानंतर मी फार विचार केला नाही, कात्री आणली. आजी भराभर उतरल्या होत्या तेवढं सगळं कापलं, आणि थांबल्या होत्या ते ठेवलं. चहाच्या वीस पायऱ्यांची एक पायरी झाली. ओल्या कडा केस वाळवायच्या यंत्रानं वाळवल्या, फोननं फोटो काढले, पेन्सिलीवरच दोनच रंग चढवले. अकरा छप्पन्नला पाठवायला घेतलं आणि पट्टी नव्वद टक्क्यांवर अडकली. एक मिनिट. दोन मिनिटं. मी श्वास घेतला नाही; मी हलले तर तीही मागे सरकेल असं वाटत होतं. अकरा एकोणसाठला गेलं.

सव्वाबाराला प्योबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "वाचता वाचता माझा चहा निवला." एवढंच. त्यांच्या तोंडून हे म्हणजे शाल-श्रीफळ.

तेव्हापासून माझी रीत बसली आहे. संवाद चालता चालता मोठ्यानं बोलून बघायचे (गल्लीत माझ्याबद्दल बोलणं सुरू झालंय), पेन्सिलीनं गुंडाळीवर काढायचं, रविवारी ती जिन्यावर सोडायची. बिऱ्हाडकरू चढतात-उतरतात, मी वर बसून नुसती पावलं ऐकते. कोणाचंही वेळापत्रक नाही, नाकही जागेवर आहे. तेव्हा काळजी नसावी.

आपली भाची,
दासोम

ता. क. मनगटाचं आईला कळवू नये. ती मुगाची धिरडी घेऊन येईल आणि महिनाभर राहील.

ता. क. दुसरा. वर लिहिलं ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. ते दोन बुधवार वेळापत्रकामुळे चुकले नव्हते. पिल्-न्यो धक्क्यावर का जात नाही, हेच मला ठाऊक नव्हतं. म्हणून तर मी तिला वीस पायऱ्या चहा पाजत बसवलं. मी तिचे केस बदलले, चष्मा लावला, तरी ती कोण हे तुम्ही केव्हाच ओळखलं असेल. आईला विचारलं तर म्हणते, "ती गेली नाही, एवढंच मला माहीत. का ते तिलाच विचार. चाळीस वर्षांत कोणी विचारलेलं नाही." मावशी, मी विचारते आहे.

ता. क. तिसरा. सांगायचं नसेल तर सांगू नका, मी रागावणार नाही. (प्योबाई "ठीक आहे" म्हणतील.) तो धक्क्यावर थांबला होता त्या सकाळी तुमच्या मशीनवर कोणतं कापड होतं आणि ते कोणाचं होतं, एवढंच मंगळवारच्या आत फोन करून कळवा. तिथून पुढचं मी पेन्सिलीनं शोधेन.