निकिताच्या पातेल्यातलं झाड

३ नोव्हेंबर
बदलीचं गाव आवडलं. पाथर्डीपासून अर्धा तास, शाळा चालत पाच मिनिटांवर, दोन खोल्या हवेशीर. मालकीण झुंबरबाई नवऱ्याबरोबर उद्या ऊसतोडीला निघणार. एप्रिलपर्यंत घर आम्हा मायलेकींचं. निकिता माझ्याच वर्गात, पहिलीत. हजेरीला "हजर मॅडम" म्हणायचं सोडून "हजर, आई!" म्हणाली. वर्ग खो खो हसला.
खिडकीत तेलाच्या गंजक्या डब्यात एक झाड आहे. नाव विचारलं, तर झुंबरबाई म्हणाल्या, "त्येला कसलं नाव? पानी तेवढं चुकवू नका, मॅडम."

८ नोव्हेंबर
मोबाईलच्या अ‍ॅपला झाडाचा फोटो दाखवला. एकदा रताळ्याचा वेल म्हणालं, एकदा पिंपळ. नर्सरीवाले कानिफनाथ पान चोळून, हुंगून म्हणाले, "तीस वर्सं झाली या धंद्यात, पन ह्ये न्हाई पाह्यलं." पानं पिवळी पडताहेत. डब्याचा तळ गंजून गेलाय, मुळं बाहेर आलीत.

९ नोव्हेंबर, रविवार
कुंडी नव्हती. निकिताच्या बारशाला मामाने दिलेलं पातेलं पोचे पडून अडगळीत होतं, त्यालाच खिळ्याने भोकं पाडली. खाली विटांचे तुकडे, वर माती नि शेणखत. निकिताने स्वतःचं नाव कोरलेली बाजू मुद्दाम पुढे फिरवली. "माझं झाड," म्हणाली.

१५ नोव्हेंबर
पाच नवी पानं! निकिता मात्र नीट जेवत नाही.

२१ नोव्हेंबर
हजेरीत तिचं नाव तीनदा घेतलं. माझ्याकडे बघत होती, पण बोलली नाही. वजन दोन किलो उतरलंय. डॉक्टर म्हणतात, रक्त-लघवी सगळं ठीक. झाड खिडकीच्या वर गेलंय.

२४ नोव्हेंबर
सकाळी झाडाला पाणी घालायचं राहिलं. दुपारी निकिताचे ओठ फुटून रक्त आलं. तांब्याभर पाणी प्यायली, तरी कोरडेच. झाडाला पाणी घातलं, तेव्हा कुठे ओलावले. योगायोग असेल.

२५ नोव्हेंबर
एक पान खुडून पाहिलं. आतल्या खोलीत ती किंचाळली. करंगळीचं नख — पुन्हा हात लावणार नाही.

२७ नोव्हेंबर
झुंबरबाईंना फोन लागला. झाड फोफावलंय म्हटलं. त्यांनी घाईने विचारलं, "भांडं बदललं का? त्याच्यावर कुनाचं नाव तर न्हाई ना?" सांगितलं. मागे कोयत्यांचा आवाज चालू होता. मग रडत म्हणाल्या, त्यांच्या लेकीच्या, छबूच्या नावाच्या हंड्यात लावलं होतं. छबू गेली, झाड राहिलं. "तिला कशी उपटू, मॅडम? म्हनून बिननावाच्या डब्यात ठिवली." आधी का नाही सांगितलंत, मी ओरडले. "सांगितल्यावर पानी घातलं असतं का तुमी?"

२८ नोव्हेंबर
कानशीने नाव घासून काढलं. पूर्ण. निकिता आता मला ओळखत नाही.

२९ नोव्हेंबर
सकाळी पातेल्यावर नाव आपोआप परत — आधीपेक्षा खोल.

३० नोव्हेंबर
पाणी घातलं. न घालून काय करू?

१ डिसेंबर
शाळेत गेले नाही. तिला समोर बसवलं. हजेरी घेते तसं मोठ्याने नाव घेतलं — निकिता. ओठ हलले नाहीत. पुन्हा घेतलं. मागून, खिडकीतून, तिच्याच आवाजात — "हजर, आई!"