तेलाला कागद, सुंठेला शिंक

ती. आईस साष्टांग नमस्कार,

आधी देवापुढे साखर ठेव, मग पुढे वाच. तुझी लेक बदलीच्या देशात पोचली, आणि तिचं ते भांगेच्या जातीचं तेलही राजरोस पोचलं!

घाबरू नकोस. त्याला सीबीडी म्हणतात, माझ्या बाटलीत नशेचा अंश नाही. हॉटेलच्या चादरींना इस्त्री करून मनगट जरासं दुखतं, त्यावर चोळते. जरासंच गं. पण जे एका देशात दुकानात मिळतं, त्यासाठीच दुसऱ्या देशात तुरुंग! म्हणून महिनाभर आधीच इथल्या आरोग्य खात्याची लेखी परवानगी मागवली, डॉक्टरांची चिठ्ठी आणि तेलाच्या तपासणीचा दाखला जोडला. मुख्य म्हणजे तेल त्याच्याच बाटलीत ठेवलं. बिस्किटांच्या डब्यात डाळ ठेवणाऱ्या आपल्या घरात हे पहिल्यांदाच घडलं!

विमानतळावर तपासणीच्या बाईंनी कागद दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "सगळे असे आले तर आम्ही वेळेवर घरी जाऊ." मी ऐटीत बॅग उचलणार, तोच त्यांनी पावडरचा डबा उघडला. आत तुझी सुंठ!

"याचा दाखला?"

"आईने दिलीय," मी म्हटलं.

बाईंनी हुंगली, सात वेळा शिंकल्या आणि डबा मुकाट्याने परत दिला.

बाबांना जिना चढवतो का? त्यांच्या गुडघ्यांसाठी तेल आत्ता मागू नका, तिकडचे नियम आधी लेखी विचारते.

पुढच्या डब्यावर मात्र "सुंठ" लिही आणि खाली सही कर. तेलाला तीन कागद लागले, तुझ्या सुंठेला सात शिंका पुरल्या.

तुझी,
बाटलीसकट सुटलेली लेक