नाना, गाडी खरंच गरम होती का?

प्रिय नाना,

जयभीम. तुम्ही होतात तोवर तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. आपण एकाच नांदेडात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहत होतो. बोलायची संधी मात्र रोज होती आणि ती मी रोज घालवली. तुम्हाला जाऊन आता सात महिने झाले आणि आज लिहायला बसलेय, ते तुमच्या गाडीमुळे.

येत्या रविवारी मुक्ताला लातूरला सोडायचंय. तुमच्या नातीला मेडिकलची परीक्षा पुन्हा द्यायचीय, वर्षभर तिथं हॉस्टेलला राहून. नांदेडात क्लास कमी आहेत का? पण नाही, तिला लातूरच पाहिजे. आणि जायचं तेही तुमच्याच गाडीनं! "नानांनी मला हिच्यावरच चालवायला शिकवलंय, मम्मी. गादी, बादली, पुस्तकं, सगळं मावतं." म्हणून गेला महिनाभर मी तुमची गाडी दुरुस्त करून घेतेय.

तिचा आजार तुम्हाला माहीत असणारच. सकाळी थंड असताना चावी फिरवायचा अवकाश, लगेच सुरू. तासभर पळवून बंद केली की मग नाही. सेल्फ फिरतो, इंजिन फिरतं, पण पेट घेत नाही. वीस-पंचवीस मिनिटं गेली की जसं काही झालंच नाही अशी चालू!

पहिल्यांदा हे मी अनुभवलं ते नायगावहून एका लग्नावरून परत येताना. वाटेत भाजी घ्यायला थांबलो आणि गाडी सुरूच होईना. मुक्ता खाली उतरली. डिकीतून तुमचा जुना टॉवेल काढला, बाटलीतल्या पाण्यानं भिजवला, बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ठेवला आणि म्हणाली, "आता वीस मिनिटं. गरम झाल्यावर पेट्रोलची वाफ होते. नाना असंच करायचे."

नाना, माझ्या हातातली मेथीची जुडी हातातच राहिली. भिजलेला टॉवेल मी पूर्वी एकदा पाहिला होता.

तेवीस वर्षं झाली. लातूरच्या एका कॉलेजात माझी मुलाखत होती, अकरा वाजता. सोडायला तुम्ही आलात. अहमदपूरच्या अलीकडे तुमच्या ओळखीच्या टपरीजवळ गाडी बाजूला घेतलीत. "चहा घेऊ," म्हणालात. चहा झाला. मग म्हणालात, "गाडी गरम हाय, जरा दम धर." बॉनेट उघडलंत, टॉवेल भिजवलात. मी घड्याळाकडे बघत होते आणि तुम्ही टपरीवाल्याशी बोलत होता. तुम्ही दुसरा कप घेतलात आणि माझा तोल गेला.

"मला दाराशी बांधून ठेवायचंय ना? मग तसं सांगा की! गाडीचं निमित्त कशाला करता?"

टपरीवर चार माणसं होती. तुम्ही टॉवेल उचलून उलटा करून ठेवलात, बस्स. मी आलेल्या एसटीत चढले. पोचले तेव्हा मुलाखती संपल्या होत्या.

पुढं इथंच ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले, लग्न झालं, माझं काही वाईट झालं नाही. पण तुम्ही जिवंत असेपर्यंत त्या गाडीत मी पुन्हा बसले नाही. नुकत्याच जन्मलेल्या मुक्ताला घेऊन दवाखान्यातून निघाले तेव्हा तुम्ही गाडी दारात लावून उभे होतात आणि मी ऑटो केला. आठवतं? मला आठवतं.

आणि आता हा टॉवेल! म्हणजे गाडी तेव्हा खरंच गरम होऊन बंद राहिली होती? मी तेवीस वर्षं एका माणसावर खोटा आळ घेऊन बसले होते?

मला उत्तर हवं होतं, नाना, आणि ते द्यायला तुम्ही नाहीत. मग मी गाडीलाच विचारायला लागले. भिजल्या टॉवेलनं गाडी सुरू होते, म्हणजे दोष पंपात. सरळ हिशेब. नवा पंप आणून बसवून घेतला. दुसऱ्या दिवशी उन्हात तासभर फिरवून बंद केली. पुन्हा तेच.

शेवटी देगलूर नाक्याजवळ तुमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे, सत्तारभाईंकडे गेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "आधी पंप बदलला. आता बॅटरी बदला, मंग मालक बदला," म्हणाले. मग विचारलं, "ताई, कपडा टाकून किती वेळ थांबल्या?"

"वीस मिनिटं."

"आन् बिनकपड्याचं वीस मिनिटं थांबून बघितलं का?"

नाही बघितलं! बावीस वर्षं मी पोरांना सांगतेय की एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळं काय झालं ते कळत नाही. त्या गॅरेजमध्ये मला माझीच लाज वाटली. तिथं आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतंच, तरीही.

तिथंच करून पाहिलं. गाडी तापवली, बंद केली, टॉवेल न टाकता वीस मिनिटं बसून राहिलो. सुरू झाली! पुन्हा तापवली. या वेळी सत्तारभाईंनी प्लगची वायर पकडीत धरून इंजिनच्या लोखंडाजवळ नेली आणि मला सेल्फ मारायला लावला. ठिणगीच पडेना. "करंटच न्हाई. पेट्रोल कितीबी येऊ द्या, पेटवायचं कशानं?" मग टॉवेल भिजवून पंपावर नाही, शेजारच्या, प्लगला करंट देणाऱ्या कॉईलवर ठेवला. पाच मिनिटांत सुरू. गरम झाली की कॉईल आतून तुटते आणि थंड झाली की जुळते, असं ते म्हणाले. फिजिक्सही तेच म्हणतं.

पंप आणि कॉईल यांत वीतभर अंतर आहे, नाना. तुम्ही इतकी वर्षं टॉवेल वीतभर अलीकडे ठेवत होतात. गाडी वेळेनं थंड व्हायची आणि श्रेय टॉवेलला जायचं. त्या दिवशी तो वीतभर पलीकडे पडला असता तर आपण अकराच्या आत लातुरात असतो.

झालं, सुटलं कोडं, असं मला वाटलं. मी सत्तारभाईंना म्हणाले, "म्हणजे ही कॉईल पहिल्यापासूनच खराब होती."

"पहिल्यापासून कशी? ही म्याच बसवली की. आठ-नऊ वर्षं झाली असतील. नाना सोता घेऊन आले. म्या म्हणलो, चांगली चालून राहिली, कशाला बदलायली? तर म्हणले, टाक तू."

आता मला सांगा! तेवीस वर्षांपूर्वीची कॉईल वेगळीच होती. तिच्यात हाच दोष होता का, कुणाला माहीत? दोष कॉईलचा आहे हे तुम्हाला पुढं कळलं म्हणून ती बदललीत का? मग मुक्ताला शिकवताना टॉवेल पंपावर का ठेवत होतात? आणि काहीच कळलं नव्हतं तर चालत्या गाडीची कॉईल कशाला बदललीत? आणि सगळ्यात मोठा प्रश्न: गरम झाल्यावर सुरू होत नाही हे ठाऊक होतं, तर त्या दिवशी बंद कशाला केलीत? मी सत्तारभाईंना हेही विचारलं. ते म्हणाले, "केली नसंल, पडली असंल. झटके खायला लागली की हुशार मानूस आधीच बाजूला घेतो." गाडीनं झटके खाल्ले होते का? मला आठवत नाही.

माझी त्या दिवसाची डायरी काढली. तुम्ही टपरीवर एकदा तरी सेल्फ मारून पाहिला होतात का, एवढंच मला हवं होतं. त्या पानावर एवढंच आहे: "नानांनी मुद्दाम उशीर केला. त्यांना मी जायला नकोय." मुलांच्या जर्नलमध्ये असलं काही आलं तर मी लाल पेनानं विचारते, निरीक्षण कुठंय?

मग मायकडे गेले. ती गवार मोडत बसली होती. म्हणाली, "नकोच होतं त्याइला तू लातूरला जावं. मला बी नको होतं. गाडीचं मला काय माहीत, बाई."

"म्हणजे मुद्दाम?"

"म्या असं म्हणलं का?" तिनं एक शेंग माझ्यापुढं टाकली. "तू त्याइला इचारलंस का कधी?"

"नाही."

"मंग आता मिस्त्रीला काय इचारून राहिलीस?"

मला तर काहीच कळेनासं झालंय, नाना. तुम्हाला मी जायला नको होते हे खरं. गाडी गरम होऊन बंद पडत असेल हेही खरं असू शकतं. दोन्ही एकाच वेळी खरं असेल तर मी तुमच्यावर रागावायचं की तुमची माफी मागायची? आणि गाडी सुरू होत नाही हे बघून तुम्हाला आतून थोडं बरं वाटलं असेल, तर तो गुन्हा कुणाचा?

हे सगळं मी कदाचित लिहिलंच नसतं. पण काल मुक्तानं विचारलं, "मम्मी, रविवारपर्यंत गाडी होईल ना?" आणि मी म्हणाले, "बघू. गाडीचं काही सांगता येत नाही." नवी कॉईल मंगळवारपासून माझ्या पर्समध्ये आहे, नाना! सत्तारभाईंचं दुकान कॉलेजच्या वाटेवर आहे. कालही मी तिथून सरळ पुढं गेले. परवाही. मुद्दाम का? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. कॉलेजला उशीर होत होता, असं मी स्वतःला सांगितलं.

पोरीनं जाऊ नये असं मला वाटतं. त्याचं कारणही फार मोठं नाही. संध्याकाळी घर रिकामं वाटेल, एवढंच. तुमचंही तेवढंच होतं का?

आज दुपारी कॉईल बसवून आणली. गाडी तीनदा तापवून तीनदा बंद केली, तिन्ही वेळा सुरू झाली. तरी तुम्हाला शब्द देते. शनिवारी जेवण झाल्यावर, घरातच, मी मुक्ताला सांगेन की तू जाऊ नयेस असं मला वाटतं. ती चिडेल, बोलेल, बोलू दे. रविवारी सकाळी सहाला आम्ही निघू. आणि वाटेत गाडी थांबलीच, तर तिला मी लातूरकडे जाणाऱ्या पहिल्या एसटीत बसवून देईन. गादी आणि बादली घेऊन मागून येईन, कितीही उशीर झाला तरी.

तुमची,
मंदा