मास्तरीणबाईंचा उपास आणि वकीलसाहेबांचा कोट

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? नव्या घराचे तीन जिने झेपतात ना? भावजींचा खोकला कमी असेलच. आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. (थांब, आत काहीतरी पडलं.)

बटणांचा डबा होता. सगळी बटणं घरभर. असो. ताई, आडपडदा न ठेवता लिहितो, कारण सहा दिवस माझं चित्त थाऱ्यावर नाही आणि काल एका गिऱ्हाइकाच्या पँटचा खिसा मी आतून बंद शिवला. तुझ्या घरमालकाला कुत्रा चालत नाही म्हणून तू ढब्बूला माझ्या गळ्यात मारलंस आणि जाताना म्हणालीस, नाही जमलं तर सांग, रविवारी गोदामवाला त्याला राखणीला घेऊन जाईल. तर सांगतो, नाही जमलं. आमची मांजर मास्तरीणबाई (घरादाराला शिस्त लावते म्हणून हे नाव) ढब्बू आल्यापासून कपाटावर जाऊन बसली आहे. खाली उतरत नाही, बशीला तोंड लावत नाही. बारा वर्षांचं म्हातारं जनावर, उपाशी मेलं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

सुरुवात मीच बिघडवली, कबूल. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की आठ दिवस दोघांच्या मध्ये दार बंद ठेवा, घाई करू नका. मला आठ मिनिटं धीर धरवत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. मी पहिल्याच दिवशी ढब्बूला थेट मास्तरीणबाईंपुढे नेऊन उभं केलं. ढब्बूने शेपटी हलवली. त्या शेपटीने टेबलावरची पाण्याची बाटली, पट्टी आणि पोपटाचा पिंजरा खाली आणला आणि मास्तरीणबाई कपाटावर गेल्या त्या गेल्याच. तेव्हापासून ढब्बू मागच्या खोलीत, दाराला कडी. पोपट तिसऱ्या दिवशी भुंकायला लागला. ढब्बू आतून उत्तर देतो. मग पोपट माझ्याच आवाजात 'गप्प बैस' म्हणून ओरडतो, म्हणजे मला घरात बोलायलाही काही उरलं नाही.

डॉक्टरांचा दुसरा उपाय असा, की कापडाचा तुकडा कुत्र्याच्या अंगावर घासून मांजरीजवळ ठेवा, वासाने ओळख होते. आता शिंप्याच्या घरी तुकड्यांना काय तोटा! कोटाच्या छातीत घालतात ते जाड कॅनव्हास समोर होतं, त्यातलाच तुकडा घेऊन ढब्बूला चांगला घासला. टेबलावर ठेवला. तेवढ्यात आमची ही चहा प्यायला हाक मारते, मी जातो, येतो, आणि (कपाळ माझं!) तोच तुकडा वकीलसाहेबांच्या कोटाच्या डाव्या छातीत घालून मोकळा होतो.

मंगळवारी साहेब ट्रायलला आले. हात पसरून आरशासमोर उभे, अंगावर वीस टाचण्या, मी म्हटलं अजिबात हलू नका. आणि वरून धप्पकन मास्तरीणबाई! थेट त्यांच्या खांद्यावर. पण ओरखडे नाहीत, फिसकारणं नाही. बाईंनी त्यांच्या डाव्या छातीला गाल घासला, डोळे मिटले आणि घुरघुरायला लागल्या. टाचण्यांच्या भीतीने साहेब पुतळ्यासारखे उभे. मग हळूच मला म्हणाले, मुक्या जनावरांना माणूस बरोबर कळतो हो. इतके खूश झाले, की तो तुकडा काढायला कोटाची छाती उसवू द्यायला तयार होईनात. दुसऱ्याच दिवशी कोट घेऊन गेले. आता कोर्टाच्या आवारातली कुत्री त्यांच्या मागे फिरतात म्हणे, आणि साहेब त्याचंही श्रेय स्वतःच्या स्वभावाला देतात. मास्तरीणबाई मात्र साहेब गेल्याबरोबर पुन्हा कपाटावर.

तेव्हा ताई, मन घट्ट करून लिहितो. गोदामवाल्याला रविवारी पाठव. ढब्बूची प्रकृती उत्तम आहे, वाडगा रोज चाटूनपुसून लख्ख असतो. वाईट मलाही वाटतं, पण माझा नाइलाज आहे. भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट चिकटवायला डिंक शोधत मागच्या खोलीत गेलो. दाराच्या वर तो झरोका आहे ना, कपाटाला लागून? मास्तरीणबाई त्यातूनच आत उतरलेल्या, आणि ढब्बूच्या वाडग्यात तोंड घालून मजेत जेवत होत्या. ढब्बू शेजारी पडून बघत होता. जेवण झाल्यावर बाई त्याच्या पोटाला टेकून झोपल्या. सहा दिवस हेच चाललंय, आणि आमच्या हिला पहिल्या दिवसापासून ठाऊक! म्हणते, तुम्ही विचारलंत कुठे? गोदामवाल्याला नाही म्हणून कळव. आजच कळव.

ता. क. दुसरा. म्हणजे उपास मास्तरीणबाईंचा नव्हताच, ढब्बूचा होता. हिच्या हातून दोन-चार घास खातो आणि दाराकडे तोंड करून पडतो. जिन्यावर बाईमाणसाचं पाऊल वाजलं की उठतो, पुन्हा बसतो. ताई, तुझा तो कोपरावर फाटलेला स्वेटर पाठव. मी रफू करून देतो म्हणालो होतो, आता करणार नाही. आणि हे बघ, धुऊ नकोस.